स्ट्रीमिंगवर पाचपट

३ मार्च
फुकट बघणं आजपासून बंद.

गेली दोन वर्षं आमच्या टीव्हीवर जे काही दिसतं ते मेहुण्याच्या अकाउंटवरून. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. खालच्याच मजल्यावर राहतो आणि लोकांच्या भिंतींना वॉलपेपर चिकटवायची कामं घेतो. त्याने फॅमिली प्लॅन घेतला आणि आमचाही टीव्ही त्यात जोडून दिला. पैशांचा विषय मी एकदा काढला होता, हळू आवाजात. तर म्हणाला, राहू द्या हो दाजी, प्लॅनमध्ये जागा रिकामीच पडली होती. म्हणजे आम्ही त्याच्या रिकाम्या जागेत राहतो. आमच्या प्रोफाइलला नावही त्यानेच दिलंय, 'वरचे'. दोन वर्षं मी रोज 'वरचे' वर बोट ठेवून आत शिरतोय.

पण कारण ते नाही. मानापमान वगैरे मी मानत नाही. कारण आर्थिक आहे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, ज्यांना सगळे 'कॅशबॅक' म्हणतात. आज डबा खाताना कॅशबॅक सांगत होता की काही क्रेडिट कार्डं स्ट्रीमिंगच्या पैशांवर पाचपट पॉइंट्स देतात. दर महिन्याला, आपोआप. या माणसाला स्वतःच्या चष्म्याचा नंबर सांगता येत नाही आणि त्याला पॉइंट्स मिळतात. मला शून्य, कारण माझ्या घरी सगळं फुकट.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. अटींची बारीक अक्षरं वाचण्याचा मला पगार मिळतो. 'ती अट पान नऊवर आहे, आपण वाचली असेलच' हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की ते झोपेतही बिनचूक येतं. कार्ड निवडायला माझ्याहून लायक माणूस शोधून सापडणार नाही.

जेवणाआधीच टीव्हीवरून मेहुण्याचं अकाउंट काढून टाकलं. बायकोने विचारलं, नवं घेतलंस का. म्हणालो, आधी कार्ड, मग अकाउंट, नाहीतर पहिल्या महिन्याचे पॉइंट्स बुडतील. फार तर आठवडा लागेल. ती ताटं घ्यायला आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दूरदृष्टी काही संसर्गाने लागत नाही.

४ मार्च
बाबांनी संध्याकाळी चष्मा पुसला, सोफ्यावर आपल्या कोपऱ्यात बसले, रिमोट दाबला. पडदा काळा. मला विचारलं, डॉक्टर कुठे गेला?

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. दिवसभर खिडकी आणि संध्याकाळी ही सीरियल, एवढंच त्यांचं जग. सीरियल एका गुरांच्या डॉक्टरची आहे. दर शुक्रवारी नवा भाग येतो, एरवी ते जुनेच परत बघतात. दर भागात कुठेतरी बर्फात एक गाय अडते, डॉक्टर कोपरापर्यंत हात घालतो, वासरू बाहेर येतं, मालक टोपी काढतो, संपलं. इतका भिकार प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

पाहिलेला म्हणजे, मी बघत नाही. बाबांच्या शेजारी बसतो, पण मांडीवर ऑफिसची फाइल असते. जे काय ते कानावर पडतं. डॉक्टरचा एक म्हातारा, एका डोळ्याचा कुत्रा आहे. मागच्या शुक्रवारी तो मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. तेही कानावरच पडलं.

बाबांना म्हणालो, थोडी कळ काढा. म्हणाले, काढतो.

८ मार्च
शीट तयार. बाजारातली झाडून सगळी कार्डं, त्यांची वार्षिक फी, पॉइंट्स, पॉइंट्सची किंमत, पॉइंट्सची मुदत. प्रिंट काढली तर डायनिंग टेबल पुरेना, म्हणून जमिनीवर पसरली. बायकोला त्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जावं लागलं. उडी मारता मारता म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आमच्याकडे बैल नाही, त्यामुळे ही म्हण लागू होत नाही.

पहिला नंबर: 'शिखर' कार्ड. काळं, कडेला तांब्याची बारीक रेघ. स्ट्रीमिंगवर पाचपट, शिवाय एक सर्व्हिस कायमची मोफत. फोटो बघूनच कळतं की हे कार्ड कसल्या माणसासाठी काढलंय. कॅशबॅकच्या खिशात ते कसं दिसेल याची कल्पनाही करवत नाही.

९ मार्च
मोठी कल्पना सुचली. एकाच बँकेकडे अर्ज करणं हे गरजू माणसाचं लक्षण. मी सगळ्या बँकांकडे एकदम अर्ज करणार. त्यांना कळू दे की गिऱ्हाईक एक आणि त्या अनेक. आपसात झुंजू देत. जी जास्त देईल तिचं कार्ड घेईन.

कॅशबॅकला व्हिडिओ कॉल करून हे सांगितल्यावर तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. उथळ पाण्याला खोली दाखवली की असंच होतं.

अर्ज भरण्यात रविवार गेला. शुक्रवारच्या भागाचं बाबांनी काही विचारलं नाही. रिमोट हातात घेऊन बसले होते थोडा वेळ.

१४ मार्च
आज ऑफिसातून आलो तर घरात कोणी नाही. बाबाही नाहीत. दोन खोल्या, बाथरूम, गॅलरी, सगळं बघितलं. मग लक्षात आलं, काठीही नाही.

बायको त्यांना जिन्याने खाली घेऊन गेली होती. शुक्रवार ना. मेहुण्याकडे डॉक्टर बघायला. परत आल्यावर बाबांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा मात्र हलका. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कुत्र्याच्या पायाचं काय झालं ते कळलं नाही. मला कळायची गरजही नाही.

बायकोला सुनावलं की असल्या फितुरीने माझी योजना कमकुवत होते. ती म्हणाली, योजना तुझी, गुडघा त्यांचा. तर्काशी तिचं कधी जमलंच नाही.

१७ मार्च
तीन बँकांचा नकार. कारण दिलेलं नाही. घाबरल्या असणार.

आज एका बाईचा क्लेम फेटाळला. वरच्या घरातली टाकी फुटून तिच्या भिंतीचा नवा वॉलपेपर गेला. तिने स्वस्त पॉलिसी घेतली होती, त्यात सजावट येत नाही. पान नऊ. फोनवर रडत होती. लोक वाचत नाहीत आणि मग रडतात.

२० मार्च
फिजिओथेरपिस्ट बाई बाबांना तपासायला आल्या. चकित. म्हणाल्या, महिनाभर सांगतेय जिना चढा-उतरा, ऐकत नव्हते, आणि आता गुडघा एवढा वाकतोय, काय केलंत? बाबा म्हणाले, रोज संध्याकाळी खाली जातो.

नीट विचार केला तर याचं श्रेय कोणाला? मी टीव्ही बंद केला नसता तर बाबा सोफ्यावरून हलले नसते. बाईंना मी हे समजावून सांगितलं. कार्डाच्या निवडीचा सांध्यांवर होणारा परिणाम त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा. त्यांनी घड्याळ बघितलं.

२२ मार्च
मेहुण्याच्या घरी जायचं नाही हे माझं धोरण आहे. पण बाबांचा चष्मा वरच राहिला होता, म्हणून दारापर्यंत गेलो. उंबरठा ओलांडला नाही.

मेहुणा स्वतःच्या हॉलच्या भिंतीला नवा कागद लावत होता. ओल्या कागदाखाली हवेचे फुगे राहतात, ते कडेकडे सारून बाहेर काढावे लागतात. त्यासाठी प्लास्टिकचा सपाट पत्रा मिळतो, बाजारात. हा महाभाग वापरत होता एक बँकेचं कार्ड. पूर्ण गोंदाने बरबटलेलं, काळपट, कडेला कसलीशी तांबूस रेघ. मला बघून हसला आणि म्हणाला, दाजी, याच्यासारखा दुसरा पत्रा नाही, वाकतो पण मोडत नाही. ज्याच्या लेखी कार्डाचा उपयोग हा, त्याच्या फॅमिली प्लॅनवर मी दोन वर्षं काढली. गाढवाला गुळाची चव काय.

टीव्ही चालू होता. डॉक्टर गोठ्यात होता. सोफा दाराला लागूनच आहे, बाबांनी बसल्या जागेवरून माझ्या हातून चष्मा घेतला आणि थोडे सरकले. मी म्हणालो, मला काम आहे. कुत्रा अजून लंगडतोय. उलट वाढलंय.

२८ मार्च
'शिखर' चा निकाल आला. नकार.

फोन केला. बँकेतली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की सर, एकाच आठवड्यात इतक्या ठिकाणी अर्ज करणारा माणूस आमच्या सिस्टिमला पैशाच्या अडचणीत वाटतो. मी तिला म्हणालो की मी अडचणीत नाही, मी तुम्हाला झुंजवत होतो. ती म्हणाली, हो सर. पुढे म्हणाली की 'शिखर' सहसा मागून मिळत नाही, बँक स्वतःहून देते, ठरावीक ग्राहकांना. म्हणजे वशिल्याची तट्टं. त्या कार्डाबद्दलचा माझा आदर त्या क्षणी संपला. तांब्याची रेघ मुळात भडकच आहे.

१ एप्रिल
एका बँकेने होकार दिला. फक्त एका. पण लग्नालाही एकच होकार पुरतो.

३ एप्रिल
कार्ड आलं. नाव 'पहिलं पाऊल'. पिवळं, त्यावर दोन चिमुकली पावलं छापलेली. सोबत पुस्तिका: तुमच्या आयुष्यातलं पहिलं कार्ड वापरताना घरातल्या मोठ्यांचा सल्ला घ्या. मला एकोणपन्नासावं चालू आहे.

बाबांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि छान आहे म्हणाले.

काही का असेना, स्ट्रीमिंगवर पाचपट आहे. बाकीचं वरवरचं. पावलं काढता येतात. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने घासून बघितलं. पावलं राहिली, माझं नाव गेलं.

५ एप्रिल
एक अट आहे, पण ती माझ्या नजरेतून सुटली नाही. पाचपट पॉइंट्स मिळायला दर महिन्याला स्ट्रीमिंगवर एक किमान खर्च व्हावा लागतो. एका सर्व्हिसने तो होत नाही. दुसरा कोणी असता तर हबकला असता. मी तिथल्या तिथे तोड काढली. आपल्या इंटरनेट कंपनीकडे एक कॉम्बो पॅक आहे, त्यात अकरा सर्व्हिसेस एकत्र, सुट्या घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त. वर्षाचा करार. कार्डाने पैसे भरले, पावती आली. खर्चही कमी, पॉइंट्सही पाचपट. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडही दुसऱ्याचा.

कॅशबॅकने विचारलं, थेट सर्व्हिसला पैसे दिलेस ना? या माणसाला प्रश्न विचारायची हौस फार. त्याला म्हणालो, अटी वाचायला मला शिकवू नकोस.

६ एप्रिल
आता अकरा सर्व्हिसेस आहेत, तर त्या वापरल्या पाहिजेत. पैसे भरून न बघणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. घराचं वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर लावलं. सोमवारी माहितीपट. मंगळवारी परदेशी प्रेमकथा. बुधवारी मासेमारी, त्याची अख्खी वेगळी सर्व्हिस आहे. गुरुवारी कार्टून. आमच्या घरात लहान मूल नाही, पण पैसे भरलेत. शुक्रवारी मोटारींच्या शर्यती, शनिवारी योगासनं आणि ऑपेरा. बाबांचा डॉक्टर रविवारी दुपारी तीनला.

बाबांनी भिंगातून वेळापत्रक वाचलं. म्हणाले, डॉक्टर शुक्रवारी असतो. मी म्हणालो, शुक्रवारी आता शर्यती. म्हणाले, रविवारी तीनला मी झोपतो. मी म्हणालो, मोठ्या योजनेत प्रत्येकाला थोडं सरकावं लागतं.

ते काठी घेऊन खाली गेले. आता काठी नुसती हातात असते, टेकवत नाहीत.

९ एप्रिल
मासेमारी. एकटाच होतो. एक माणूस बोटीत बसला होता. मीही बसलो होतो. दोघांनाही काही मिळालं नाही.

नंतर सर्व्हिसची क्वालिटी तपासावी म्हणून सहज डॉक्टरची सीरियल लावली. राहिलेले भाग सलग बघून टाकले. म्हणजे तपासले. ध्वनी उत्तम. कुत्र्याला डॉक्टरने पट्टी बांधली होती, पण ती त्याने दातांनी सोडवली. कुत्र्याचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही. परवा शेवटचा भाग.

११ एप्रिल
बायको आणि बाबा निघताना बायको दारात थांबली. म्हणाली, आज शेवटचा भाग आहे, खाली ये. म्हणालो, घरात अकरा सर्व्हिसेस असताना मी कोणाच्या दारात जाऊन का बसू? ज्यांना यायचं त्यांनी वर यावं. आणि हो, आज मोटारींच्या शर्यती आहेत. तिने चपला घातल्या. बाबा तोवर निम्मा जिना उतरले होते.

शर्यती लावल्या. गाड्या गोल फिरत होत्या. एकाच वर्तुळात इतका वेळ फिरण्यात लोकांना काय मिळतं?

मग डॉक्टरचा शेवटचा भाग लावला. निव्वळ तुलनेसाठी. नाहीतरी ती मंडळी खाली तोच बघत असणार, मग मी बघितला तर काय बिघडलं. सोफ्यावर माझ्या जागी बसलो. बाबांच्या बाजूची गादी खचलेली आहे, त्यामुळे सोफा तिकडेच कलतो. फाइल मांडीवर घ्यायची विसरलो.

कुत्रा हरवतो. डॉक्टर बर्फात कंदील घेऊन त्याला शोधत फिरतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाई सोडवल्या आणि स्वतःच्या कुत्र्याकडे बघायला वेळ झाला नाही, असं काहीतरी तो स्वतःशीच बोलतो. मग गोठ्याच्या मागे तो सापडतो. पुढचं लिहीत नाही. दर्जा सुमार आहे.

शेवटी डोळ्यात कचरा गेला. बराच वेळ जाईना. पंख्यावर धूळ साठली आहे. बायकोचं घराकडे लक्ष नाही, ती सदा खाली.

१२ एप्रिल
पंखा पुसला. फारशी धूळ निघाली नाही.

बाबांशी शेवटच्या भागाबद्दल बोलावं की नाही असा प्रश्न पडला होता. मी तो पाहिलाय हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनीही चकार शब्द काढला नाही. एवढा तो कुत्रा, आणि त्यांच्या तोंडावर रेष हललेली नाही. सकाळी शांतपणे चहा प्यायले. वयाप्रमाणे माणूस कोरडा होत जातो हे खरं.

१६ एप्रिल
सीरियल संपली तरी दोघं रोज खाली जातात. विचारलं, आता काय बघता? बायको म्हणाली, जुने भाग, पहिल्यापासून. आता यांना काय म्हणावं. वर अकरा सर्व्हिसेस ओसाड पडल्यात आणि ही माणसं पाहिलेल्या गाई परत बघतात.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली. बायकोने मला खाली बोलवायचं बंद केलंय. कंटाळली असणार. ठामपणाचा विजय होतो, फक्त थांबावं लागतं.

२० एप्रिल
रविवार, दुपारचे तीन. वेळापत्रकाप्रमाणे डॉक्टर लावला. बाबा झोपले होते. आवाज जरा मोठा केला. उठले नाहीत. गाय अडली, वासरू झालं, मालकाने टोपी काढली. पूर्वी या ठिकाणी बाबा 'सुटली बिचारी' असं म्हणायचे. मी फाइलमधून मान वर न काढता 'हं' म्हणायचो. आज 'हं' म्हणायला काही कारण नव्हतं.

२४ एप्रिल
कार्डाचं पहिलं स्टेटमेंट. स्ट्रीमिंग पॉइंट्स: शून्य.

चूक त्यांचीच असणार म्हणून फोन लावला. बोलायला पुरुष होता, शांत. म्हणाला की सर, आपण पैसे इंटरनेट कंपनीला भरलेत, त्यामुळे ते टेलिफोन आणि इंटरनेट बिलात धरले गेले. पाचपट फक्त थेट सर्व्हिसला भरलेल्या पैशांवर. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? तो म्हणाला, पुस्तिकेत सर. ती अट पान नऊवर आहे, आपण वाचली असेलच.

अगदी माझ्याच सुरात म्हणाला. इतका उर्मट माणूस मी आजवर ऐकला नाही.

पुस्तिका काढून बघितली. पान नऊवर मोठ्यांचा सल्ला घेणाऱ्या मुलाचं चित्र आहे, अट त्याच्या बुटाखाली आहे. बूट फार मोठा काढलाय. कॉम्बो पॅक मोडता येत नाही, वर्षाचा करार. कॅशबॅकला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं. त्याने विचारलं, पॉइंट्स आले का रे? म्हणालो, मोजतोय.

२५ एप्रिल, ऑफिस सुटताना
निर्णय. मेहुण्याला एक संधी द्यायची. आमचा टीव्ही परत आपल्या प्लॅनला जोडायची त्याची इच्छा असेल तर मी आड येणार नाही. प्रोफाइलचं नाव मात्र बदलून घ्यायचं. आज शुक्रवार, सगळे तिथे असतील. हातोहात विषय उरकतो.

२६ एप्रिल, सकाळ
कालचं लिहून ठेवतो.

खाली गेलो. दार उघडंच होतं. बाबा सोफ्यावर बसले होते आणि त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती. बायको आणि मेहुणा खुर्च्यांवर. सोफ्यावर जागा असताना ही माणसं खुर्च्यांवर का, हा प्रश्न मनात आला, पण यांच्या वागण्यात तर्क शोधणं मी सोडून दिलंय. मेहुण्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आलात का, बरं झालं, आज तरी शेवट कळेल.

मला उलगडा होईना. मग बायकोने सांगितलं. शेवटचा भाग यांच्यापैकी कोणी पाहिलेलाच नाही. ११ तारखेला मेहुणा तो लावणार, एवढ्यात बाबांनी रिमोट मागून घेतला आणि म्हणाले, तो आल्याशिवाय नाही. बायको मला बोलवायला उठली तर तिलाही बसवलं. म्हणाले, कोणी बोलवायचं नाही, त्याला वाटलं तर येईल. तेव्हापासून ही चौघं जुने भाग बघत बसली आहेत. मेहुण्याची बायको म्हणाली, गाई आता आम्ही नावानिशी ओळखतो.

मी उभाच होतो. सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तीच सांगता येत नव्हती. मला फार वाईट वाटलं. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितोय. इतकं वाईट बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

बाबा म्हणाले, बस. आणि थोडे सरकले.

मेहुण्याने भाग लावला तर आधी एक सूचना आली, तुमच्या कार्डाची मुदत संपत आलीय, नवी तारीख टाका. त्याने पॅंटच्या मागच्या खिशातून तो फुगे सारायचा पत्रा काढला आणि तारीख दिसावी म्हणून अंगठ्याच्या नखाने गोंद खरवडायला लागला. गोंदाखालून काळं निघालं. मग तांब्याची रेघ. मग 'शिखर'. मी विचारलं, हे तुझ्याकडे कसं? म्हणाला, त्या बँकेच्या मोठ्या ऑफिसच्या भिंती मी केल्या होत्या दाजी, साहेब खूश झाले, त्यांनीच पाठवून दिलं. त्यावर हे टीव्हीचं फुकट असतं म्हणतात, म्हणून तर तुमच्याकडून पैसे घेतले नाहीत. विचारलं, आणि पॉइंट्स? तो म्हणाला, कसले पॉइंट्स?

बायको म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तो पिवळा प्रकार माझ्या खिशात होता, तो आणखी खाली सारला.

भाग सुरू झाला. मी चेहऱ्यावर उत्सुकता ठेवली. कुत्रा हरवला तेव्हा 'अरे' म्हणालो, वेळेवर. डॉक्टर कंदील घेऊन बर्फात निघाला. बाबा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, सापडेल का रे? म्हणालो, बघू या. त्यांनी मान डोलावली. त्यांचा हात सोफ्यावर माझ्या हाताशेजारी होता, तो तसाच राहिला.

पुढे काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी आधीच तयारीत होतो. डॉक्टर अजून दारातच होता, गोठ्याच्या मागे गेलाही नव्हता.

बाबा टीव्हीवरची नजर न काढता एवढंच म्हणाले की रुमाल जरा लवकर काढलास.

मी म्हणालो, डोळ्यात कचरा गेलाय. मेहुण्याला सांगायला हवं, त्याच्याही पंख्यावर धूळ आहे.